शाळेचे वय उलटलेल्यांची शाळा : पुणे सेवासदन

१/६
शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रीने शिकायचे कुठे? विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात या प्रश्नाला फार थोडी उत्तरे होती. मुलींच्या शाळा निघाल्या होत्या. पण बालपणीच लग्न होऊन संसारात अडकलेल्या किंवा अकाली वैधव्य आलेल्या स्त्रियांना तेथे जागा नव्हती.

२/६
रमाबाई रानडे यांनी हा प्रश्न स्वतः अनुभवला होता. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्या रानड्यांच्या घरात आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष मात्र रमाबाईंना सोसावा लागला.

३/६
१९०९ साली गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने त्यांनी पुणे सेवासदन उभारले. रानड्यांच्याच वाड्यात प्रौढ स्त्रियांचे वर्ग भरू लागले.

४/६
लेखन-वाचनाच्या जोडीला शिवणकाम आले, शिक्षिकांचे प्रशिक्षण आले. ससून रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. पांढरपेशा घरांत रुग्णसेवा हलकी मानली जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या पावलाचे धैर्य कळते.

५/६
आश्रितेचे जिणे जगणाऱ्या विधवेला नुसती बाराखडी पुरणारी नव्हती. तिला स्वकमाई हवी होती आणि समाजाला शिक्षिका व परिचारिका हव्या होत्या. सेवासदनाने या दोन गरजांची सांगड घातली.

६/६
पुढे १९७८ साली राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पण वापरात न राहिलेली अक्षरे विसरली जातात. म्हणून प्रौढशिक्षणाच्या भवितव्याचा विचार करताना वर्गांच्या संख्येइतकाच आणखी एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो : वर्ग सुटल्यानंतर त्या अक्षरांना काम कोणते?