शब्दवेध : बॉट

‘बॉट’ हा ‘रोबॉट’ या शब्दाचा उरलेला शेंडा आहे. ‘रोबॉट’ हा शब्द मूळचा चेक. कारेल चापेक या लेखकाने ‘आर. यू. आर.’ हे नाटक 1920 मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या कृत्रिम कामगारांना तो ‘लाबोरी’ म्हणणार होता. ‘रोबोटी’ हे नाव सुचवले ते त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांनी सक्तीने करायचे काम, म्हणजे आपली वेठ. ऑस्ट्रियन साम्राज्यात ती 1848 मध्ये रद्द झाली. तेव्हा रोबॉटचे नेमके मराठी ‘वेठबिगार’ असेच व्हायला हवे. चापेकचे रोबॉट लोखंडाचे नव्हते, कृत्रिम मांसाचे होते, हे ‘यंत्रमानव’ म्हणताना हमखास विसरले जाते. ‘रोबोता’चे मूळ भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘अर्भ’शी जोडतात. ‘अर्भक’ही त्यातलेच. अनाथ, दुबळे लेकरू आणि राबणारा गुलाम एकाच मुळाचे निघावेत, ही या शब्दाच्या इतिहासातली सर्वांत हृदयद्रावक गोष्ट.

पुढे संगणकात आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘बॉट’ म्हणू लागले आणि शब्दाचे शरीर गळाले. संवाद साधणारा तो ‘चॅटबॉट’. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यावर हा शब्द घरोघरी पोचला. मराठीत आज कारखान्यातला ‘रोबो’ आणि मोबाइलमधला ‘बॉट’ असे दोन वेगळे शब्द नांदतात. समाजमाध्यमांवर खोट्या खात्यालाही ‘बॉट’ म्हणतात, आणि पढवलेले बोलणाऱ्या हाडामांसाच्या माणसालाही.