कूतचा वेढा आणि गावची पंगत

रायपुरात मराठी घराचा उंबरठा ओलांडला की हिंदी आणि छत्तीसगढी सुरू होते. या भाषांमध्ये अनुवादाचे काम करताना एक गोष्ट वारंवार जाणवते: शब्द कळणे वेगळे, म्हणणे पटणे वेगळे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूत गावी हा फरक जीवघेणा ठरला.

डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कूतला वेढा घातला. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणीही आत अडकल्या. त्यांत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही होते. सैन्याचा व्यवहार हिंदुस्तानीत चाले. मावळ-कोकणातल्या गड्याच्या घरची बोली ती नव्हती.

धान्य सरत चालले तसे शिध्यात घोड्याचे मांस आले. गोऱ्या सोजिरांनी ते खाल्ले, बहुतेक भारतीय शिपायांनी नाकारले. टाउनशेंडने बिनतारी संदेश धाडून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली. ती आली, तरी नकार कायम राहिला. हुकूम कळत नव्हता असे नाही. धाक होता गावाचा: परत गेल्यावर पंगतीत कोण बसू देईल? परवानगी छावणीत पोचली होती; ती गावाला कोण पटवणार?

ताज्या अन्नावाचून शिपायांना स्कर्व्ही जडली. गोऱ्यांना पांढऱ्या पावामुळे बेरीबेरी झाली. आटा खाणारे शिपाई मात्र तिच्यापासून वाचले.

तुर्कांनी भारतीय भाषांत पत्रके छापून खंदकांकडे पाठवली: अधिकाऱ्यांना मारा, आमच्याकडे या. काही जण गेले, बहुतेक गेले नाहीत. ओळखीच्या भाषेत सांगितले म्हणून परक्याचे म्हणणे आपले होत नाही.

एप्रिलमध्ये शिधा आणखी घटला, वरून तंबी आली, तेव्हा हजारोंनी ते मांस स्वीकारले. पण फार उशीर झाला होता. २९ एप्रिल १९१६ रोजी, १४७ दिवसांनंतर, कूत पडले. सुमारे १३,००० जण कैद झाले. वाळवंटातल्या वाटचालीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो दगावले.

टाउनशेंडने भारतीय शिपायांच्या मनोधैर्याविषयी नाराजी नोंदवून ठेवली. पण महिनोन्‌महिने अर्धपोटी राहून खंदक राखणाऱ्यांना भित्रे कसे म्हणावे? त्यांचे धैर्य एकट्याच्या मनावर उभे नव्हते, गावच्या पंगतीतल्या आपल्या पानावर उभे होते. सेनापतीच्या भाषेत त्या पानाला शब्द नव्हता.