थंडीत ज्येष्ठांचे घरात पडणे टाळता येते : खाटेपासून न्हाणीपर्यंतची वाट आधी तपासा

बेळगाव : पहाटेचे साडेचार वाजलेले. बाहेर कडाक्याची थंडी, घरात सगळे गाढ झोपेत. आजोबांना लघवीला लागते. दिवा लावला तर नातवंडांची झोप मोडेल म्हणून ते अंधारातच उठतात. शाल सावरत, पायातले मोजे तसेच ठेवून न्हाणीकडे निघतात आणि उंबऱ्याशी पाय सटकतो. बेळगाव-खानापूर असो, ग्वाल्हेर-इंदूर असो की बडोदा-हैदराबाद, मराठी घरांत हिवाळ्यात थोड्याफार फरकाने हेच घडते.

‘म्हातारी माणसं पडायचीच’ म्हणून आपण विषय सोडून देतो. पण पडण्यामागे बहुतेक वेळा एखादे साधे कारण असते आणि ते घरच्या घरी दूर करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असते. ६५ वर्षांवरच्या साधारण तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया, अंथरूण, मग अशक्तपणा असे चक्र सुरू होते. कालपर्यंत देवळात एकटे जाऊन येणारे माणूस पुन्हा तसे हिंडू-फिरू शकेलच, याची खात्री राहत नाही.

थंडीतच धोका का वाढतो?

गारठ्याने सांधे आखडतात, पायांचे स्नायू ताठरतात. त्यामुळे झोपेतून उठल्यावरची पहिली पाच-दहा पावले अडखळत पडतात. थंडीत लघवीला जास्त वेळा जावे लागते, म्हणजे रात्रीचे उठणे वाढते. त्यात तहान कमी लागते म्हणून पाणी कमी प्यायले जाते. अंगातले पाणी कमी झाले की उभे राहताच रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. जानेवारीत बेळगावात सूर्य उगवायला सात वाजतात. जुन्या सवयीने पाचला उठणाऱ्यांची दोन तासांची कामे अंधारात होतात. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी गुंगी येते ती वेगळीच.

खाटेपासून सुरुवात

खाटेवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात आले पाहिजेत. खाट फार उंच किंवा गादी फार खचलेली असेल तर उठताना तोल जातो. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्यांना गुडघे दुखत असतील, तर निदान थंडीचे चार महिने खाट द्यावी.

उठायची एक रीत ठरवून घ्यावी. आधी कुशीवर वळायचे, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसायचे, पावले वर-खाली हलवायची. मग आधार धरून उभे राहायचे, चक्कर येत नाही ना ते पाहायचे आणि मगच पाऊल टाकायचे. ‘आजी, घाई नको, जरा बसून मग उठा’ एवढे रोज सांगितले तरी सवय लागते.

चष्मा, काठी, पाण्याचा तांब्या आणि बॅटरी हाताच्या अंतरावर हवी. गोधडी किंवा रजईचे टोक जमिनीवर लोळू देऊ नये, त्यात पाय अडकतो.

वाटेतला उजेड आणि अडथळे

खाट ते न्हाणी या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. प्लगला लावायचा छोटा एलईडी दिवा विजेचा फारसा खर्च करत नाही. माणूस जवळून गेले की आपोआप लागणारे दिवेही बाजारात मिळतात. दिव्याचे बटण दाराजवळ असेल आणि खाट दुसऱ्या टोकाला, तर खाटेशेजारी दुसरे बटण काढून घ्यावे. वीज जाते त्या भागात बॅटरी उशाशी ठेवावीच.

सुटे पायपुसणे, दुमडलेली सतरंजी, पोत्याचा तुकडा, चार्जरची वायर, दारातल्या चपला ही वाटेतली मोठी अडचण. थंडी वाजते म्हणून फरशीवर जे अंथरले जाते तेच घसरते. पायपुसणे ठेवायचेच तर खाली रबर असलेले ठेवावे.

सीमाभागातल्या जुन्या घरांत सोपा, माजघर, स्वयंपाकघर अशा एकामागे एक खोल्या असतात. दर दाराला उंबरा आणि संडास परसात. उंबरा काढणे अनेकांच्या मनाला पटत नाही. मग निदान त्याच्या कडेला पिवळा किंवा पांढरा रंगाचा पट्टा मारावा आणि चौकटीला धरायला मूठ बसवावी. परसात जावे लागत असेल तर रात्रीपुरते खाटेजवळ लघवीचे भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवावी. यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

न्हाणीघर : सर्वांत जास्त जपायची जागा

शहाबादी किंवा कोटा फरशी असो की गुळगुळीत टाइल्स, साबणाचे पाणी पडले की सगळ्याच सारख्या. थंडीत त्यात तेलाची भर पडते. दिवाळीच्या अभ्यंगापासून संक्रांतीपर्यंत घरोघरी तीळतेल, खोबरेल लावणे चालते. तेल न्हाणीबाहेर खुर्चीवर बसून लावावे आणि तळवे कोरड्या फडक्याने पुसूनच आत जावे. न्हाणीत खाचा असलेली रबरी चटई घालावी आणि ती आठवड्यातून एकदा घासावी, नाहीतर शेवाळ धरून तीच घसरते.

बुटक्या पाटावर बसून आंघोळ करणाऱ्यांना उठताना आधार लागतो. त्याऐवजी चारही पायांना रबर असलेला मजबूत, थोडा उंच स्टूल द्यावा. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्का दांडा ठोकून घ्यावा. टॉवेल अडकवायची दांडी आधारासाठी नसते. जोर पडला की ती भिंतीतून निघून येते.

फार कडक पाण्याने आंघोळ केल्यास रक्तवाहिन्या सैल होऊन चक्कर येऊ शकते. पाणी कोमट असावे आणि आंघोळीनंतर दोन मिनिटे बसावे. आतून कडी लावू नये. दाराला कापड किंवा पाटी अडकवली की आत कोणी आहे हे कळते. कडी लावलेल्या न्हाणीत माणूस पडले तर दार फोडण्यात मोलाचा वेळ जातो.

पायात काय, हातात काय

नुसते मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालणे धोक्याचे. खाली रबरी ठिपके असलेले मोजे किंवा टाचेला पट्टा असलेली, न झिजलेल्या तळाची चप्पल घरातही वापरावी. नऊवारीचा सोगा, धोतर, पायघोळ गाऊन, लांब शाल पायात येत नाही ना, ते पाहावे. शालीपेक्षा स्वेटर बरा, त्यात दोन्ही हात मोकळे राहतात.

काठी हाताशी असते, पण अनेकदा चुकीच्या हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. हात सरळ खाली सोडल्यावर काठीची मूठ मनगटाशी यावी. खालचे रबरी बूच झिजले की लगेच बदलावे.

औषधे, डोळे आणि रक्तदाब

रक्तदाब, मधुमेह, झोप, प्रोस्टेट आणि लघवी वाढवणारी औषधे यांमुळे काहींना तोल जाण्याचा त्रास होतो. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्याव्यात आणि ‘यातल्या कशाने चक्कर येते का?’ असे सरळ विचारावे. रक्तदाब झोपून आणि नंतर उभे राहून, असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांनी त्याची दखल घ्यायला हवी.

मोतीबिंदूचे ऑपरेशन ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून लांबवू नये. सकाळचे कोवळे ऊन, दूध, नाचणी, डाळी आहारात असाव्यात. ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.

पायांत बळ ठेवा

तोल आणि पायांचे बळ वाढवणाऱ्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, असे अभ्यासांत दिसले आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला हात ठेवून एका पायावर थोडे थांबणे हे रोज दहा-दहा वेळा पुरे. फिरायला सूर्य वर आल्यावरच जावे.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. खुर्चीवरून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. याला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. चाचणी घेताना शेजारी कोणीतरी उभे राहावे.

पडलेच तर

धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नये. आधी विचारावे : कुठे दुखते, डोक्याला लागले का? एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, पायावर भार देता येत नसेल तर खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता असते. माणूस तसेच ठेवून पांघरूण घालावे, कारण गार फरशीने अंग झपाट्याने थंड पडते. तेल चोळणे, ओढून हाड बसवणे असले काही करू नये. खुब्याचे ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत झालेले चांगले, म्हणून ‘उद्या बघू’ नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे.

दुखापत नसेल तर कुशीवर वळून, हात-गुडघ्यांवर येऊन, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जायचे आणि तिला धरून उठायचे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणात चालतात. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. मुले पुण्या-बंगळूरला आणि आई-वडील गावी एकटे असतील, तर घराची एक चावी भरवशाच्या शेजाऱ्याकडे आणि मोबाइल कायम खिशात किंवा गळ्यात असावा.

पहिले पडणे लपवू नका

एकदा पडलेले माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते. तरी अनेक आजी-आजोबा पहिली घसरण घरात सांगत नाहीत. ‘सांगितलं तर बाहेर जाऊ देणार नाहीत’ ही भीती त्यामागे असते. म्हणून ऐकणाऱ्यानेही रागावू नये. ‘काका, या महिन्यात कुठं तोल गेला का?’ असे सहज विचारावे आणि उत्तर ‘हो’ आले तर त्यांचे फिरणे बंद न करता ती जागा दुरुस्त करावी.

आज रात्री घरातल्या कोणीतरी दिवे मालवून, आजीच्या खाटेवरून उठून न्हाणीपर्यंत सावकाश चालून पाहावे. जिथे हात आधार शोधतो आणि जिथे पाऊल बिचकते, तिथले काम उद्या सकाळीच करून घ्यावे.