जलाश्वाची कुळकथा

समुद्रमार्गाने फौज नेणे ही एक गोष्ट, आणि ती परमुलखाच्या किनाऱ्यावर शस्त्रास्त्रांसह, रसदेसह व शिस्तीने उतरविणे ही अगदी निराळी गोष्ट, हा धडा आरमारांच्या इतिहासाने दर्यावर्दी राष्ट्रांना वारंवार, आणि बहुधा रक्ताच्या मोलाने, शिकविला आहे. भर समुद्रात जे खोल पाणी जहाजाला तारते, तेच किनारा जवळ येताच त्याची साथ सोडते. रणगाडे व तोफा वाहून आणणारे मोठे जहाज वाळूत रुतण्याच्या भयाने दूर थांबते, आणि जी होडी थेट पुळणीला लागू शकते तिच्यात तोफ मावत नाही. जहाज आणि पुळण यांच्यामधील उथळ पाण्याचा हा पट्टा बंदराच्या व धक्क्याच्या साहाय्यावाचून कसा ओलांडावा, या प्रश्नाला नौशिल्पाने दिलेले एक परिपक्व उत्तर म्हणजे विशाखापट्टणम येथे पूर्व नौदल विभागात दाखल झालेली 'जलाश्व' ही भारतीय युद्धनौका होय.

आपल्या मुलखाला हा प्रश्न अपरिचित नव्हता. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणाहून ८५ लहान गलबते व ३ मोठी तारवे घेऊन निघाले आणि दक्षिणेकडे कानडी किनाऱ्यावर बसरूर येथे त्यांनी फौज उतरविली. ती गलबते उथळ तळाची असल्यामुळे खाडीच्या मुखातून आत शिरत, आणि ढाल, तलवार व बंदूक एवढ्याच भाराचा मावळा गुडघाभर पाण्यात उडी टाकून किनारा गाठू शकत असे. परंतु युद्धसाहित्य जसजसे जड होत गेले तसतशी ही वाट बिकट झाली. नोव्हेंबर १९१४ मध्ये मुंबईहून गेलेल्या पुणे डिव्हिजनच्या सैन्याने, ज्यात ११७ वी मराठा पलटण होती, शत्-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे पाऊल ठेवले, ते प्रतिकार दुबळा होता म्हणून निभावले. पुढे सहा महिनेही लोटले नाहीत तोच, २५ एप्रिल १९१५ रोजी, गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर 'रिव्हर क्लाइड' नावाचे कोळसावाहू जहाज, कडेला दरवाजे पाडून व सुमारे दोन हजार सैनिक पोटात घेऊन, मुद्दाम जमिनीला लावण्यात आले. आणि त्या दरवाजांतून होड्यांच्या पुलावर उतरणारे सैनिक तुर्की माऱ्याखाली रांगेने पडले. शौर्याची तेथे वाण नव्हती. वाण होती ती योग्य साधनाची.

ते साधन घडविण्याचे काम दुसऱ्या महायुद्धाने केले. १९४१ च्या नोव्हेंबरात जॉन नीडरमायर या अमेरिकी नौशिल्पज्ञाने रणगाडे उतरविणाऱ्या जहाजाचा आराखडा रेखाटला. त्याची मूळ कल्पना अशी, की महासागर ओलांडताना टाक्यांत पाणी भरून जहाजाने खोल बसावे, आणि किनाऱ्याशी येताच ते पाणी टाकून हलके होऊन पुळणीवर चढावे व पुढचे दरवाजे उघडून रणगाडे बाहेर सोडावेत. अशी एक हजाराहून अधिक जहाजे त्या युद्धात बांधली गेली. स्वतंत्र भारताच्या आरमारातील पहिली 'मगर', जी १९४९ मध्ये ब्रिटिशांकडून आली, ती याच घराण्यातील. मात्र पुळणीवर चढणाऱ्या जहाजाला पुळण अनुकूल लागते, याचा दाखला डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजारजवळ मिळाला. तेथे 'घडियाल' व 'गुलदार' या नौका वाळूच्या दांड्याला अडकल्या, आणि तो दांडा व किनारा यांच्यामध्ये दडलेल्या खोल पाण्यात उतरलेल्या जवानांपैकी काहींना जलसमाधी मिळाली.

या दोषावरील उपाय दुसऱ्या एका कुळात आधीच सिद्ध झाला होता. १९४३ मध्ये कार्यास लागलेल्या 'ॲशलंड' या अमेरिकी जहाजाने किनाऱ्याला शिवण्याचा हट्टच सोडला. त्याने आपल्या पोटात एक गोदी बाळगली, आणि किनारा गाठण्याचे काम त्या गोदीतील लहान सपाट नौकांवर सोपविले. १९६२ च्या 'रॅले'ने या गोदीला सैनिकांची निवासस्थाने, वाहनांचे मजले आणि हेलिकॉप्टरांचे तळ यांची जोड दिली, आणि तिच्याच धर्तीवर अधिक लांब अशा 'ऑस्टिन' वर्गाच्या नौका निघाल्या. त्यांपैकी 'ट्रेंटन' सिॲटल येथे बांधली गेली. तिचा कणा १९६६ मध्ये घातला गेला व १९७१ मध्ये ती अमेरिकी नौदलात रुजू झाली. १७७६ च्या नाताळच्या रात्री वॉशिंग्टनने गोठणाऱ्या डेलावेअर नदीतून होड्यांनी सैन्य पार करून जे गाव जिंकले, त्याचेच नाव तिला मिळाले होते.

हीच 'ट्रेंटन' २००७ मध्ये 'जलाश्व' झाली. अमेरिकेकडून भारतीय नौदलाने घेतलेली ही एकमेव युद्धनौका होय. जलाश्व म्हणजे पाणघोडा. पाणी व भूमी या दोहोंत वावरणाऱ्या त्या प्राण्याचे नाव हिला सार्थ शोभते. सुमारे १७३ मीटर लांबीची आणि पूर्ण भारासह जवळजवळ १७ हजार टनांची ही नौका वाफेच्या टर्बाइनांवर चालते व एक हजार सैनिकांना सामावून घेते. उतरण्याची वेळ आली म्हणजे तिच्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले जाते, मागील भाग हळूहळू खाली बसतो, पिछाडीचे प्रचंड दार उघडते, आणि समुद्र आत शिरून गोदीतील चार यांत्रिक नौकांना जागच्या जागी तरंगवितो. रणगाडे व वाहने घेऊन त्या किनाऱ्याकडे निघतात, आणि त्याच वेळी वरच्या तळावरून हेलिकॉप्टरे झेप घेतात. शस्त्रक्रियेची चार दालने असलेला दवाखानाही तिच्यात आहे. बंदर, धक्का, यारी आणि रुग्णालय हे सारे ही नौका आपल्याबरोबरच नेते.

आणि म्हणूनच हिचे खरे चरित्र आक्रमणापेक्षा परित्राणाच्या प्रसंगी अधिक उजळून निघाले. जानेवारी १९९१ मध्ये सोमालियाची राजधानी मोगादिशू यादवीत होरपळत असता, 'ट्रेंटन'वरून उडालेल्या दोन हेलिकॉप्टरांनी, वाटेत हवेतच इंधन घेत, साडेचारशेहून अधिक सागरी मैल ओलांडून तेथे अडकलेल्यांच्या सुटकेचा आरंभ केला. एकंदर २८१ माणसे, त्यांत सोव्हिएत राजदूतही, तेथून सुखरूप निघाली. २००६ मध्ये बैरूतच्या किनाऱ्यावरून हिनेच शेकडो लोकांना हलविले. भारतीय ध्वजाखाली आरंभीच तिच्यावर घाला आला. फेब्रुवारी २००८ मध्ये विषारी वायूच्या गळतीने तिच्यावरील नौसैनिकांचे प्राण गेले, आणि त्या मृतांचे स्मरण ठेवल्यावाचून तिची कथा सांगणे उचित नव्हे. परंतु मे २०२० मध्ये, महामारीने विमाने व वाटा बंद पडल्या असता, 'समुद्रसेतू' मोहिमेत हीच नौका मालेहून ६९८ भारतीयांना घेऊन कोचीला आली; त्या संपूर्ण मोहिमेत नौदलाने ३,९९२ देशबांधवांना घरी आणले.

बसरूरच्या गलबतांपासून या गोदीनौकेपर्यंतचा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते, की ज्या सामर्थ्याने परकिनारी फौज उतरते त्याच सामर्थ्याने संकटातील माणूस स्वकिनारी येतो. या सामर्थ्याची तरतूद संकट ओढवल्यावर करता येत नाही; ती वर्षानुवर्षे आधी करावी लागते. अशा चार नौका देशात बांधण्यासाठी २०१३ मध्ये मागविलेल्या निविदा २०२० मध्ये मागे घेण्यात आल्या, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा प्रारंभापासून चौकशी सुरू झाली. दरम्यान ज्या एकट्या गोदीनौकेवर आपला भार आहे, तिचा कणा १९६६ साली घातलेला आहे. सात हजारांहून अधिक किलोमीटर किनारा लाभलेल्या, आणि एके काळी आपली गलबते आपणच बांधणाऱ्या, या देशाने तिची धाकटी भावंडे आपल्याच गोद्यांत घडविण्यास आता विलंब लावू नये.