जुन्या दागिन्यांवरील कसमुद्रा व कारागीरखुणा : परभणी जिल्हा

सोन्याचांदीच्या दागिन्यावर ठोकलेली अक्षरे, अंक किंवा चिन्हे यांवरून त्याचा कारागीर, धातूचा कस आणि घडणीचा काळ ठरविण्याचा अभ्यास. इंग्लंडमध्ये १३०० च्या कायद्याने चांदीच्या वस्तूंवर बिबट्याच्या मुखाची मुद्रा आवश्यक झाली. १३६३ मध्ये कारागीराची खूण व १४७८ मध्ये वर्षदर्शक अक्षर यांची तीत भर पडली. तेथील जुन्या चमच्याचाही जन्म त्यामुळे वर्षासह सांगता येतो. भारतात अशी सक्ती २०२१ पर्यंत नव्हती. परभणी जिल्ह्यातील जुना दागिना वाचण्याची रीत त्यामुळे मुळातच वेगळी आहे : येथे कसाची ग्वाही दागिन्यावरील ठशापेक्षा त्यात ओवलेल्या अथवा आटविलेल्या नाण्यात शोधावी लागते.

ठसा क्वचित असण्याचे कारण गावगाड्यात सापडते. सोनार हा गावचा वतनदार कारागीर असून वसुलात आलेली नाणी पारखण्याचे पोतदारीचे कामही बहुधा त्याच्याकडेच असे. पोतदार हे आडनाव त्यावरूनच आले. ज्याला घराणे ओळखते त्याला आपले नाव धातूवर कोरण्याची गरज नव्हती. पुढे बाजारपेठांतील सराफांच्या पेढ्यांचे ठसे दागिन्यांवर येऊ लागले. ते पाटलीच्या आतल्या अंगास, हाराच्या फासाजवळ किंवा तोड्याच्या टोकाशी शोधावेत. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी हैदराबाद संस्थानात होता व तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे देवनागरीबरोबर उर्दू अक्षरांचीही अपेक्षा ठेवावी. मात्र पेढीचे नाव ही शुद्धतेची हमी नव्हे. हा भेद न कळल्याने गहाण किंवा मोडीच्या वेळी कुटुंबाचे नुकसान होते, आणि ते बहुधा घरातील स्त्रीला सोसावे लागते, कारण तिच्यापाशी दागिन्याखेरीज दुसरी मालमत्ता क्वचितच असे.

चांदीच्या दागिन्यांच्या बाबतीत संस्थानाचे चलन निर्णायक ठरते. हैदराबादचा हाली रुपया सुमारे ११·१८ ग्रॅम वजनाचा व ८१·८ टक्के चांदीचा होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया, म्हणजे लोकभाषेतील कलदार, ११·६६ ग्रॅम वजनाचा असून १९४० पूर्वी त्यात ९१·७ टक्के चांदी असे. पहिल्यात सुमारे ९·१५ ग्रॅम, तर दुसऱ्यात सुमारे १०·६९ ग्रॅम शुद्ध चांदी भरते. सात हालींना सहा कलदार हा जो साधारण विनिमयदर होता, त्याचे प्रमाण नेमके हेच आहे. यावरून निघणारा निष्कर्ष व्यवहारात फार उपयोगी पडतो. हाली रुपये आटवून केलेले वाळे, तोडे किंवा गोठ कलदाराच्या दागिन्यांपेक्षा कसाला उतरतात आणि त्यात सोनाराची लबाडी असेलच असे नाही. ‘रुपयाची चांदी’ असे घरी सांगत असतील, तर रुपया कोणता हे आधी विचारावे. १९४० नंतरच्या कलदारात चांदी निम्मीच राहिली, हेही लक्षात ठेवावे.

नाणे न आटविता हारात ओवले असेल, तर काळही ठरतो. १९०३ च्या सुमारास सुरू झालेल्या हैदराबादी रुपयावर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर असल्यास नाणे मीर महबूब अली खान यांच्या, तर ‘ऐन’ असल्यास १९११ मध्ये गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीतील होय. नाण्यावरील हिजरी सन वाचता आल्यास अधिक बरे. हिजरी १३३० म्हणजे बहुतांशी इ. स. १९१२. अर्थात नाणे केवळ अलीकडची मर्यादा दाखविते. हार त्याआधीचा नसतो. नंतर कितीही वर्षांनी ओवलेला असू शकतो.

सोन्यात हेच काम पुतळी करते. पुतळीच्या माळेतील मूळ नाणे व्हेनिसचे डुकॅट होय. ते १२८४ पासून व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये संपेपर्यंत पाडले गेले. त्याचे वजन सुमारे ३·५ ग्रॅम असून सोने जवळजवळ शुद्ध असते. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख, तर दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबगोलात ख्रिस्त दिसतो. देशी नकलांत लॅटिन अक्षरांऐवजी निरर्थक रेषा व ठिपके येतात. अशा पुतळीचा कस स्वतंत्रपणेच तपासावा. डाख देऊन जोडलेल्या नाक्यांचे वजन वजा करावे. बोरमाळेचे मणी पोकळ असून आत लाख असते, तीही सोन्यात मोजली जाऊ नये.

कसोटीच्या दगडावर उठलेली रेघ ज्ञात कसाच्या सळयांच्या रेघांशी ताडून पाहणे व तीवर अम्ल लावणे ही जुनी पद्धत होय. ‘बावनकशी’ या शब्दात तिचीच आठवण आहे. मात्र ती पृष्ठभागापुरतीच असल्याने मुलाम्याने फसू शकते.

स्वातंत्र्योत्तर दागिन्यांवर अंक दिसू लागतात. जानेवारी १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने १४ कॅरटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडविण्यास मनाई केली. ती १९६६ मध्ये उठली. पुढे दिसणारा ‘केडीएम’ हा ठसा कॅडमियमयुक्त डाखेचा निर्देश करतो. तो कोणत्याही तपासणी-केंद्राची साक्ष नव्हे. भारतीय मानक ब्यूरोची सोन्यासाठीची हॉलमार्क योजना २००० मध्ये सुरू झाली. तीत ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, ९१६ सारखा शुद्धतांक, तपासणी-केंद्राची व सराफाची खूण आणि वर्षाक्षर अशा पाच मुद्रा होत्या. वर्षाक्षर २०१७ पासून वगळले गेले. जून २०२१ पासून ही मुद्रांकने टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि जुलै २०२१ पासून जुन्या खुणांच्या जागी ब्यूरोचे चिन्ह, शुद्धता व सहा अक्षरांकांचा स्वतंत्र ओळखक्रमांक एवढेच उरले. घरातील जुना, मुद्रारहित दागिना ठेवण्यास किंवा सराफास विकण्यास या नियमांची आडकाठी नाही. ब्यूरोमान्य केंद्रातून त्याचा कस तपासून घेता येतो; मोड देण्यापूर्वी ठशांचे व नाण्यांच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, कारण मुशीत गेल्यावर त्यांचा मागमूस राहत नाही.