इंग्रजी भाषेचा वनवास

इंग्रजी शिकूं लागलेला मुलगा 'नाइट', म्हणजे सरदार-वीर, या शब्दाचें स्पेलिंग घोकूं लागला कीं एक प्रश्न हटकून विचारतो: जो 'के' उच्चारावयाचाच नाहीं तो आरंभीं कशाला, आणि मधल्या 'जी-एच्'चें तरी काय काम? वडील माणसें बहुधा "ती भाषाच तशी विक्षिप्त" एवढें सांगून मोकळीं होतात. परंतु हीं मुकीं अक्षरें एके काळीं बोलत होतीं. आणि तीं मुकीं कां झालीं हें शोधूं लागलें म्हणजे एका भाषेचें सारें चरित्र आपल्यापुढें उलगडत जातें.

आपल्या देशानें इंग्रजी पाहिली ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून. त्यामुळें ती जन्मतःच सिंहासनावर बसली असावी, असा आपला समज होणें साहजिक आहे. वस्तुस्थिति मात्र उलट आहे. ही भाषा स्वतःच्याच देशांत सुमारें तीनशें वर्षें परकी भाषेची बटीक होऊन राहिली होती. तो वनवास तिला कसा घडला, त्यांत ती कशी तगली आणि परत आली तेव्हां किती पालटून आली, हें येथें थोडक्यांत पाहावयाचें आम्हीं योजिलें आहे.

रोमन सत्ता इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटनमधून उठली. पुढें पांचव्या शतकाच्या मध्यापासून अँगल, सॅक्सन व ज्यूट या जर्मानिक टोळ्या समुद्र ओलांडून तेथें आल्या व स्थायिक झाल्या. त्यांच्या बोलींतून जी भाषा घडली ती जुनी इंग्रजी होय. आजच्या इंग्रजास ती परक्या भाषेप्रमाणें मुद्दाम शिकावी लागते. पण आपल्या मुलांस तिचें व्याकरण कदाचित् ओळखीचें वाटलें असतें. तिच्यांत नामांस तीन लिंगें होतीं, विभक्तींचे प्रत्यय होते, आणि विशेषणेंही लिंगवचनाप्रमाणें चालत. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि स्त्री या अर्थाचा एक नित्याचा शब्द चक्क नपुंसकलिंगी! इ. स. ८७१ पासून ८९९ पर्यंत राज्य करणाऱ्या आल्फ्रेड राजानें लॅटिन विद्या लोप पावत आहे असें पाहून महत्त्वाचे ग्रंथ या देशी भाषेंत उतरविले. राजदरबार व धर्मपीठ या दोहोंचा आश्रय तिला याप्रमाणें लाभला होता.

आल्फ्रेडाच्या पूर्वींपासूनच उत्तरेकडून नॉर्स लोकांच्या स्वाऱ्या चालू झाल्या होत्या. हे लोक लुटावयास आले, पण पुष्कळसे पूर्व व उत्तर इंग्लंडांत घरें करून राहिले. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या असल्यानें शेजाऱ्याचें बोलणें अर्धेंमुर्धें समजे. अडत असे तें शब्दांच्या शेवटच्या प्रत्ययांपाशीं. तेव्हां प्रत्यय झिजूं लागले. आकाश, अंडें, नवरा, कायदा या अर्थांचे आजचे इंग्रजी शब्द याच सहवासांतून आले. इतकेंच नव्हे, तर 'ते, त्यांचें, त्यांना' हीं सर्वनामेंदेखील इंग्रजीनें नॉर्सपासून घेतलीं. एक भाषा दुसरीची सर्वनामें उचलते हें फार क्वचित् घडतें; लग्नसंबंधांपर्यंत गेलेल्या शेजारधर्माचीच ही खूण होय.

आणि मग १४ ऑक्टोबर १०६६ रोजीं हेस्टिंग्जची लढाई झाली. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडचा राजा झाला आणि कांहीं वर्षांतच देशांतील जमीनजुमला व मोठमोठीं धर्मपदें परकीयांच्या हातीं गेलीं. १०८६ सालीं झालेल्या जमिनीच्या सुप्रसिद्ध मोजदादींत मोठे इंग्रज जमीनदार बोटांवर मोजण्याइतकेच उरलेले दिसतात. दरबाराची भाषा फ्रेंच झाली, धर्माची व दप्तराची लॅटिन राहिली. इंग्रजी उरली ती नांगरामागें, चुलीपुढें आणि पाळण्यापाशीं. एका मठांत इंग्रजींतून लिहिली जाणारी बखर ११५४ सालापर्यंत कशीबशी चालली आणि नंतर थांबली.

या काळाचा ठसा शब्दांवर अजून दिसतो. सरकार, न्यायाधीश, कर, तुरुंग, मंत्रिमंडळ यांस इंग्रज आज जे शब्द वापरतो ते मूळचे फ्रेंच आहेत. उलट आई, बाप, घर, भाकरी, पाणी, विस्तव, झोप यांचे शब्द शुद्ध घरचे. गोठ्यांतील गाय इंग्रजी, पण ताटांतील तिचें मांस फ्रेंच, ही गोष्ट वॉल्टर स्कॉटनें १८१९ च्या आपल्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीनें सर्वतोमुखीं केली. ती रंगवितांना थोडी अतिशयोक्ति झाली आहे, कारण मध्ययुगांत तेच फ्रेंच शब्द जिवंत जनावरांसही लावीत. तथापि कोण राबत होता आणि कोण जेवत होता, याची दिशा तीत खरीच दाखविलेली आहे.

वनवास संपला तो कोणा एका वीराच्या पराक्रमानें नव्हे. १२०४ सालीं जॉन राजानें नॉर्मंडी गमाविली आणि समुद्राच्या दोन्ही तीरांवर वतनें असलेल्या सरदारांस एकच तीर निवडणें भाग पडलें. पुढें फ्रान्सशीं दीर्घ युद्ध जुंपलें तेव्हां फ्रेंच ही शत्रूची भाषा ठरली. १३४८-४९ च्या भयंकर महामारींत देशांतील तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक माणसें दगावलीं असें मानतात; जे शेतकरी-कामकरी वांचले त्यांची मजुरी वाढली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या भाषेचें मोलही वाढलें. १३६२ सालीं कायदा झाला कीं यापुढें न्यायसभेंतील वादविवाद इंग्रजींत चालावे, कारण आपल्या बाजूनें वा विरुद्ध काय बोललें जात आहे हें लोकांस कळत नाहीं. मौज अशी कीं, हा कायदाच फ्रेंच भाषेंत लिहिलेला होता! १३८५ मध्यें जॉन ट्रेव्हिसा लिहितो कीं, शाळांतील मुलें आतां फ्रेंच सोडून इंग्रजींतून शिकतात. १३९९ सालीं चौथ्या हेन्रीनें गादीवरचा आपला हक्क इंग्रजींत उच्चारला. चॉसर त्याच वेळीं लंडनच्या बोलींत काव्य रचीत होता.

येथें एक गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. त्या मध्ययुगांत इंग्रजीनें सुमारें दहा हजार फ्रेंच शब्द घेतले, असा पंडितांचा अंदाज आहे. पण त्यांचा मोठा लोंढा फ्रेंच भाषा ऐन भरांत असतांना आला नाहीं. १२५० नंतर, म्हणजे वरिष्ठ वर्ग फ्रेंच सोडून इंग्रजीकडे वळूं लागला तेव्हां आला. जो परतला तो आपली शिदोरी घेऊन परतला. एका अर्थीं हे शब्द पराभवाचें चिन्ह नसून, घरीं आलेल्यांनीं आणलेलें सामान होतें.

छापण्याची कला आल्यावर निराळाच प्रश्न उपस्थित झाला. विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला. पण कोणती इंग्रजी छापावी? १४९० च्या एका प्रस्तावनेंत तो गोष्ट सांगतो. कांहीं व्यापारी वाऱ्याअभावीं थेम्स नदींत अडकून पडले. त्यांतील एकानें किनाऱ्यावरील घरधनिणीपाशीं अंडीं मागितलीं. तिनें "मला फ्रेंच येत नाहीं" असें उत्तर दिलें. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती! त्यानें उत्तरेकडील नॉर्स शब्द वापरला होता आणि त्या बाईस दक्षिणेकडील जुना शब्दच ठाऊक होता.

छापखान्यानें स्पेलिंगें हळूहळू स्थिर केलीं. परंतु त्याच सुमारास बोलण्यांतील दीर्घ स्वर एकामागून एक आपल्या जागा सोडून सरकूं लागले, आणि कांहीं व्यंजनें गळून पडलीं. लिपि जागच्या जागीं राहिली आणि जीभ पुढें निघून गेली. चॉसरच्या तोंडीं 'नाइट'मधील 'के' उच्चारला जाई, आणि 'जी-एच्' म्हणजे घशांतून येणारा घर्षक ध्वनि होता. आमचा मुलगा घोकतो तें त्या काळचें उच्चारणच होय.

सोळाव्या शतकांत लॅटिन-ग्रीक शब्दांची इतकी आयात झाली कीं, शुद्धीचा पक्षही उभा राहिला. ग्रीक भाषेचे अध्यापक सर जॉन चीक यांनीं १५५७ सालच्या एका पत्रांत, आपली भाषा परक्या मिश्रणावांचून शुद्ध लिहावी, असा आग्रह धरिला. पण 'शुद्ध' या अर्थीं त्यांनीं वापरलेला 'प्युअर' हा शब्दच फ्रेंचांतून आलेला होता! आपल्याकडे शिवछत्रपतींच्या आज्ञेनें झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'चे दिवस येथें आठवतात. त्या कोशामागील स्वाभिमान थोर होता; तरीही अर्ज, वकील, कागद हे शब्द मराठींत राहिले आणि मराठीच झाले. इंग्रजीही अशीच घेत गेली. आमचें मुंगूस 'मंगूस' होऊन तिच्या कोशांत बसलें आहे.

१५८२ सालीं रिचर्ड मल्कास्टर नांवाच्या शिक्षकानें आपल्या भाषेची कैवारी लेखणी उचलली, तेव्हां तिची धांव या एका बेटापलीकडे नाहीं, आणि बेटावरही सर्वत्र नाहीं, हें त्याला कबूल करावें लागलें. आणि न्यायालयाच्या दप्तरांतून लॅटिन कायमची उठली ती १७३१ च्या कायद्यानें, १७३३ पासून. पहिला कायदा १३६२ चा! भाषेला गादीवर बसविणारा कायदा आणि त्या गादीवरील तिचा पुरता अंमल यांत ३७१ वर्षांचें अंतर पडलें.

वनवास भोगणारास दुसऱ्याच्या वनवासाची कणव येते, असें मात्र नाहीं. १५३६ च्या कायद्यानें वेल्समधील न्यायालयांत इंग्रजीच चालेल असें ठरलें, आणि वेल्श शेतकरी आपल्याच खटल्यांत बहिरा होऊन उभा राहिला. १३६२ च्या कायद्यांत ज्या दुःखाचा उल्लेख होता तें दुःख इंग्रजीनें पावणेदोनशें वर्षांतच दुसऱ्याच्या पदरीं घातलें.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य आम्हांस एवढेंच दिसतें: इंग्रजी परक्या शब्दांनीं मेली नाहीं आणि केवळ कायद्यानें जगलीही नाहीं. ज्या तीनशें वर्षांत तिला दरबार नव्हता, त्या काळांत आयांनीं ती मुलांशीं बोलणें सोडलें नाहीं, म्हणून ती जगली. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. हीं दोन्ही भूषणें होत. पण ज्या घरांत जेवतांना, रागावतांना आणि समजूत घालतांना मराठी बोलली जाते, तीं घरेंच तिचा खरा आधार आहेत.

आणि त्या 'नाइट' शब्दाविषयीं सांगावयाचें राहिलेंच. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ सरदार नव्हता; पोरगा, हुजऱ्या, चाकर असा होता. चाकराचा सरदार झाला, आणि त्याच्या भाषेचेंही तसेंच झालें. मुलानें पुन्हां विचारलें, तर त्याला हें अवश्य सांगावें.