नोंदवही आणि नायक : 'उचल्या'च्या वाङ्मयप्रकाराचा प्रश्न

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्याला लाभला. खिसे कापण्याचे शिक्षण घेणारी मुले हा त्यातील आशयाचा ठळक घटक असल्यामुळे स्पॅनिश 'पिकारेस्क' परंपरेशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. भूक, भटकंती, लबाडी आणि तळातून घडणारे समाजदर्शन ही 'लाझारिल्यो दे तोर्मेस'पासूनची (१५५४) लक्षणे येथेही आढळतात. तथापि लक्षणांचे साम्य म्हणजे वाङ्मयप्रकाराचे साम्य नव्हे.

या संदर्भात सेर्व्हान्तेसच्या १६१३ च्या कथासंग्रहातील 'रिंकोनेते आणि कोर्तादिल्यो' ही कथा विचारात घेण्याजोगी आहे. वाटेवरच्या सराईत दोन पोरे भेटतात : एक पत्त्यांत हातचलाखी करणारा, दुसरा बापाकडून शिंपीकाम शिकून तेच कसब थैल्या कापण्याकडे वळविणारा. सेव्हिल शहरात आल्यावर त्यांना कळते, की येथे मोनिपोदियो या म्होरक्याकडे नोंद केल्यावाचून चोरीही करता येत नाही. त्याच्या घरात उमेदवारी आहे, वाटणी आहे, देवधर्म आहे, शिपायाशी संगनमत आहे. कायद्याच्या राज्याचे हे विडंबन आहे. अखेरीस हे जिणे फार काळ चालवायचे नाही, असे रिंकोनेते मनाशी ठरवितो. प्रवेश आणि निर्गमन दोन्ही नायकाच्या इच्छेवर अवलंबून असल्यानेच या कथेतील साहस रम्य वाटते.

'उचल्या'त नोंदवही राज्यसंस्थेच्या हाती आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व्यक्तीच्या कृत्याऐवजी तिचा जन्म हाच पुरावा ठरविला. ब्रिटिश मुलखातील हा कायदा व संस्थानांतील तत्सम कायदे १९५२ साली रद्द झाले. मात्र पोलिसी संशय ओसरला नाही. त्यामुळे 'उचल्या' हे शीर्षक एकाच वेळी जातिनाम आणि आरोपपत्र ठरते. येथील मुलाला आधी मार सोसण्याचे शिक्षण मिळते. कारण पोलिसांच्या मारापुढे त्याने तोंड उघडता कामा नये. पिकारोचे शिक्षण बुद्धीचे असते, हे शिक्षण शरीराचे आहे. सुटकेचा मार्गही एकट्याच्या निश्चयातून निघत नाही. शाळा, सूतगिरणीतील मजुरी आणि चळवळ यांतून तो हळूहळू आकाराला येतो.

म्हणूनच या स्वकथनाला 'पिकारेस्क' म्हणणे ही केवळ वर्गीकरणाची चूक ठरत नाही. त्या संज्ञेने लादलेला जन्मसिद्ध गुन्हा निवडलेल्या साहसात रूपांतरित होतो आणि कायद्याचा इतिहास वाचकाच्या दृष्टीआड जातो. तुलना अवश्य व्हावी. परंतु नोंदवही कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न तिने प्रथम विचारला पाहिजे.